वेणूची शिकवणी

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर एक शिकवणी चालते. शिक्षण खात्याला ती माहीत नाही, आरोग्य खात्यालाही नाही, आणि माझ्या तोंडून दोघांनाही कधी कळणार नाही. मी त्या भागातल्या उपकेंद्राची नर्स. माहेर-सासर दोन्ही जव्हारच्या बाजारपेठेत, तोंड तिखट, आणि गुडघे आताशा चढ दिसला की कुरकुरायला लागतात. पाड्यावर मला सगळे सिस्टर म्हणतात आणि अगं-तुगं करतात. तिथे देवालाही तू आणि कलेक्टरलाही तूच, त्यामुळे मी ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

शिकवणी वेणूच्या घरामागच्या खळ्यात भरते. शहरातून अभ्यास करणाऱ्या बायका येणार अशी खबर आली, की पाड्यातल्या वयात आलेल्या आणि येऊ घातलेल्या सगळ्या पोरी तिथे जमतात. वेणू नाचणी झोडपत असते, नाहीतर सुपात पाखडत असते. हातातलं काम न थांबवता ती एकेकीला विचारते.

"तुना काय व्हायचा हाय?"

"नर्स."

"सगळ्याच नर्स नोको. तू पोलीस सांग. ती मागची, तू बाई सांग, शाळेतली. लगीन कदी करशील?"

"अठरा झाल्यावर."

"एकवीस सांग. त्याना एकवीस आवडता. कोन पोरगा आवडतो का?"

इथे पोरी फिदीफिदी हसतात. वेणू सूप खाली ठेवते. "हसू नोको. नाय म्हन, नि लगेच म्हन. इचार करून नाय म्हनलीस का ती बाय लिहून घेते."

हसायचं कसं, हेही शिकवणीत असतं. ओठ मिटून हसायचं नाही, कारण तसं हसलं की बाईला वाटतं पोटात काहीतरी आहे, आणि मग ती खोदून खोदून विचारते. दात दाखवून हसायचं. वेणू स्वतः हसून दाखवते. तिचे दात शुभ्र आणि एका रेषेत आहेत, आणि त्या हसण्यात दातांखेरीज काही नसतं.

मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला हसू आलं होतं. आता येत नाही.

या डोंगरात पाहुण्यांना तोटा नाही. वावर-वांगणीला कुपोषणाने पोरं दगावली त्या सालापासून गाड्या ज्या वर चढायला लागल्या, त्या अजून थांबलेल्या नाहीत. पूर्वी पोरांची वजनं करायला यायचे, दंडाचा घेर मोजायला यायचे. आता मोजणं मागे पडलंय. आता ऐकायला येतात. मोठमोठ्या संस्थांतल्या शिकलेल्या बायका चटईवर मांडी घालून बसतात आणि पोरींना विचारतात की तुला वयात येताना काय वाटलं, तुझ्या शरीराबद्दल तुला काय वाटतं, तू स्वतःला कोण समजतेस. प्रश्न वाईट नाहीत. मला माझ्या वयात कोणी विचारले असते तर मी रडून घेतलं असतं. पण विचारणारीला उत्तर पेलायला हवं ना!

वेणूला ते पहिल्यांदा विचारलं गेलं तेव्हा ती सोळाची होती.

तेव्हाची वेणू ज्यानं पाहिली असेल त्याला आताची दाखवली, तर ही ती नव्हेच असं तो शपथेवर सांगेल. काटकुळी, काळीभोर, आणि बोलायला लागली की पाण्याच्या वाटेवरच्या बायका हंडे डोक्यावर तसेच धरून ऐकत उभ्या राहायच्या. उन्हाळ्यात तिथली विहीर तळाला जाते, बायका वाटीवाटीने पाणी भरत बसतात, आणि त्या कंटाळवाण्या वेळात वेणू सगळ्या पाड्याच्या नकला करायची. माझीही करायची. मी गुडघ्यावर हात ठेवून चढ चढते आणि चढता चढता सरकारला शिव्या देते, ती नक्कल मी झाडाआडून स्वतः पाहिलीय. चांगली करायची मेली.

खालच्या पाड्यावरच्या धनेशशी तिचं जमलं. तो असेल वीस-एकवीसचा. अबोल, कामसू, ओढ्यातले खेकडे हाताने धरण्यात पटाईत. रीतीप्रमाणे त्याच्या घरची माणसं मागणी घालायला आली, दोन्हीकडचे म्हातारे एकत्र बसले, ताडी प्याले, आणि वेणू धनेशच्या घरी राहायला गेली. लगीन बाकी. या डोंगरातली ही रीत शहरातल्या माणसाला समजावताना माझ्या नाकी नऊ येतात. इथे मागणी झाली की पोरगी नांदायला जाते. लगीन म्हणजे मांडव, लगीन लावणाऱ्या धवलेरीची गाणी, दोन-तीन गावांना भात. ते सवडीने, एखाद्या बऱ्या सालच्या पिकानंतर. आधी पोरं होतात आणि मग त्याच पोरांच्या लग्नाच्या मांडवात आईबापांचंही लगीन लागतं, हेसुद्धा मी पाहिलंय, हळदीला बोटही लावलंय. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तिथे कोणाच्या मनातही येत नाही. सोळाव्या वर्षी संसाराला लागणं पोरीच्या अंगाला सोसत नाही, हे मी घसा कोरडा होईस्तोवर सांगते आणि सांगत राहीन. पण पोलिसांत कळवायला बसले तर सगळा डोंगर तुरुंगात घालावा लागेल आणि भात कापायला कोणी उरणार नाही.

तर त्या पावसाळ्यात एक मोठ्या मॅडम आल्या. स्वभावाने मऊ, खादीची साडी, आवाज लाघवी. त्यांनी प्रत्येक मुलीला आधी सांगितलं, की तू जे सांगशील ते आपल्या दोघींत राहील, तुझं नाव कुठेही येणार नाही. पुढे कायद्याबद्दलही एक वाक्य होतं, पण ते इतकं छापील होतं की मलाच दोनदा ऐकावं लागलं. वेणूला त्यातलं एवढंच कळलं की ही बाई माझं ऐकायला इतक्या लांबून आलीय. आणि वेणूला ऐकणारं माणूस मिळालं की झालं.

ती बोलली. सगळं बोलली. धनेशबद्दल, सासूबद्दल, पहिल्या रात्रीच्या भीतीबद्दल, नंतरच्या न वाटणाऱ्या भीतीबद्दल. लग्न झालंय का विचारल्यावर तिने ऐटीत सांगितलं, "लगीन बाकी हाय, धनेशच्या घरी रेहते." वय विचारल्यावर तेही सांगितलं, जन्मतारखेसकट, कारण आश्रमशाळेत तिच्याकडून ती पाठ करून घेतली होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. मला म्हणाली, "सिस्टर, त्या बायनं माना मधी एकदा पन थांबवला नाय."

अठरा वर्षांखालच्या मुलीबद्दल असं काही कळलं की पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवणारा स्वतः गुन्हेगार ठरतो. मॅडमनी कळवलं. कळवताना त्या रडल्या म्हणे. रडल्या असतील, बाई वाईट नव्हती. मी त्यांना दोष देते का? देते. ज्या विहिरीवर झाकण घालता येत नाही ती उघडायला सांगितली होती कोणी?

पोलीस आले तेव्हा आवणी चालू होती. धनेश वेणूच्या बापाच्या शेतात आला होता, सासऱ्याला हात द्यायला. घोट्यापर्यंत चिखलात उभा राहून तो रोपं लावत होता, आणि वेणूची धाकटी बहीण सरू रोपांच्या जुड्या त्याच्याकडे फेकत होती. सरू तेव्हा नऊ-दहा वर्षांची. धनेशने तिला खेकडे धरायला शिकवलं होतं आणि ती त्याच्या पायात पायात करायची. शिपायाने नाव विचारलं, धनेशने सांगितलं. त्याला पाय धुवायला हवे होते, म्हणून तो बांधाच्या पलीकडच्या पाण्याकडे वळला. शिपायाला वाटलं पळतोय, आणि त्याने त्याची कॉलर धरली. चिखलाच्या पायांनीच त्याला गाडीत बसवलं. वेणू ओरडत राहिली की त्याने काही केलं नाही, तो माझाच माणूस आहे. तेच ऐकून एका हवालदाराने मान डोलावली. तिने पुन्हा एकदा, स्वतःच्या तोंडाने, गुन्हा शाबीत केला होता. सरू गाडीमागे वळणापर्यंत पळत गेली. परत आली ती हातात रोपांची जुडी तशीच घेऊन.

मग काय व्हायचं ते झालं. धनेश तुरुंगात. वेणूला तिच्याच सुरक्षेसाठी मुलींच्या सरकारी गृहात ठेवलं, म्हणजे तीही तुरुंगातच, फक्त तिच्या दाराला गुलाबी रंग होता. मी एकदा भेटायला गेले तर म्हणाली, इथे रोज वेगळी बाई येते आणि त्याने तुला काय काय केलं ते सांग म्हणते. तिच्यावर अन्याय झाला आहे हे तिला पटवून देण्यासाठी केवढी माणसं राबत होती! आणि मॅडमनी दिलेला शब्द मात्र अक्षरशः पाळला गेला. वेणूचं नाव कुठेही आलं नाही. पोलिसांत ती पीडिता झाली. गृहात ती बालिका झाली. मॅडमच्या अभ्यासात तिला चांदणी असं नाव मिळालं, म्हणजे खरं नाव झाकण्यासाठी. तिचं म्हणणं त्यात छापलंय आणि खाली लिहिलंय, चांदणी, सोळा वर्षे. पोरीची ओळख शोधायला आलेल्या माणसांनी तिला तीन नावं दिली आणि तिचं एक होतं ते घालवलं.

पुढे धनेश जामिनावर सुटला. तो आधीच अबोल, आता मुकाच झाला. त्याच्या घरच्यांनी वेणूला पुन्हा उंबरा चढू दिला नाही. जिच्या बोलण्याने पोरगा आत गेला तिला कोण घेणार? काही काळाने त्याचं दुसरीकडे जुळलं. ती मुलगी एकोणीसची. या वेळी त्यांनी मागणी झाल्या झाल्या मांडव घातला, धवलेरी बोलावली, कागदावर सह्या केल्या, सगळं कायद्याला धरून. वेणू त्या लग्नात जेवायला गेली होती. पंगतीत माझ्या शेजारी बसली आणि भात वरणाशी कालवून शेवटच्या शितापर्यंत जेवली. मी म्हटलं, "कशाला आलीस गं?" तर म्हणाली, "नाय आले असते तं लोक बोलले असते. आथा माझ्यावर कोनी बोलू नये असा वाटता."

त्यानंतर वेणूच्या नकला बंद झाल्या आणि शिकवणी सुरू झाली. कोणी तिला सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी अभ्यासाची गाडी आल्याचं कळलं, तशी ती घरोघर गेली आणि पोरींना गोळा करून आणलं. तिने स्वतःच्या मुलाखतीतला प्रत्येक प्रश्न लक्षात ठेवला होता. कुठल्या उत्तरावर मॅडम पुढे सरकून बसल्या, कुठल्या उत्तरावर त्यांचं पेन थांबलं, सगळं. नक्कल करणाऱ्या माणसाची नजर ती. फक्त आता ती पाड्याची नक्कल करत नव्हती, चांगल्या मुलीची नक्कल शिकवत होती.

शिकवणीला यशही असं मिळालं म्हणता! तालुक्याच्या सभेत पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून एका साहेबांनी सांगितलं, की त्या भागातल्या किशोरवयीन मुलींमध्ये लक्षणीय जागृती आढळली आहे, विवाहाबद्दल त्यांचे विचार प्रगत आहेत. टाळ्या पडल्या. मी पदर तोंडात धरून बसले होते. शेजारच्या सिस्टरला वाटलं मला खोकला झालाय.

खरं तर मला त्यात मजा येत होती, एक प्रकारचा सूड उगवल्याची. सरूचं प्रकरण कळेपर्यंत.

सरू आता पंधराची, नववीत. एका वसतिगृहात राहून शिकते. कुठलं ते मी लिहीत नाही, कारण कोणी नाकारलं तर सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. दिवाळीच्या सुट्टीत पोर घरी आली ती अर्धी होऊन. जेवायची नाही. कोणी मागून आलं की दचकायची. केस तिने स्वतःच कोयत्याने कानापर्यंत कापले होते, आणि विचारलं तर उवा झाल्या म्हणे. सुट्टी संपत आली तशी ती परत जायचं नाही म्हणायला लागली. का, तर काही नाही. बाप चिडला. दिवाळी झाली की घरचे सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर जगायला जातात, घर बंद होतं. वसतिगृहात निदान दोन वेळचं जेवण आहे आणि दहावी होईल. बापाचं चुकत नव्हतं. त्याला दुसरं काही दिसतच नव्हतं.

मी सरूला उपकेंद्रात बोलावलं. दार लावून घेतलं, समोर बसवलं, हातात हात घेतला. "काय होतंय बाळा तिकडे? कोण त्रास देतं?"

"सगळा बरा हाय, सिस्टर. जेवान बरा देतात. माना मैत्रिणी हायेत. माना पोलीस व्हायचा हाय." आणि दात दाखवून हसली.

मी तिला सोडून दुसऱ्याच दिवशी वसतिगृहावर गेले. अधीक्षक सुट्टीतही हजर होते. गोड बोलले, चहा पाजला, म्हणाले, "मुलींना घरची आठवण येते, सिस्टर, या वयात मूड बदलतात." मुलांसाठीच्या मदतीच्या फोनवर मी फोन केला. दोन माणसं खरोखर आली, त्यांनी सरूला विचारलं, सरूने त्यांनाही तेच सांगितलं, त्याच क्रमाने, आणि ती माणसं समाधानाने गेली. मुलगीच नाही म्हणते म्हटल्यावर पुढे काय करणार?

त्याच सुमारास समृद्धी आली. कुठल्याशा संस्थेची, तिशीच्या आतली, बूट घालून डोंगर चढणारी. विषय तोच, किशोरवयीन मुलींचे अनुभव आणि त्यांची ओळख. पण हिची पद्धत मला आवडली. ती पोरींना मोठ्या खाकी कागदावर आडवं व्हायला सांगायची, कडेने खडूने आखायची, आणि म्हणायची, ही तू. आता जिथे छान वाटतं तिथे फूल काढ, जिथे दुखतं तिथे लाल कर, जिथे भीती वाटते तिथे काळं कर. बोलायची सक्ती नाही. ज्या पोरीला शब्द सापडत नाहीत ती निदान रंग तरी देईल, असं तिचं म्हणणं.

खबर आली तशी खळ्यात शिकवणी भरलीच. पण या खेपेला वेणू पोरींना शिकवत असताना मध्येच उठली आणि उपकेंद्रात माझ्याकडे आली. धापा टाकत होती.

"सिस्टर, त्या बायला कोनी वंगाळ काय सांगला तं ती पोलिसाना सांगते ना? कायदाच हाय ना तसा?"

"आहे. सांगावंच लागतं."

"मंग सांगू दे." ती मटकन खाली बसली. "त्या कायद्यानं माझा माणूस नेला. त्याच कायद्यानं त्याला नेऊ दे, तिथं जो कोन हाय त्याला. एकदा तं बरोबर मान्साला नेऊ दे."

इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रडताना पाहिलं. मुलींच्या गृहातल्या भेटीत रडली नव्हती, धनेशच्या पंगतीत रडली नव्हती. मी तिला पाणी दिलं. खोटं कशाला बोलू, मला आशा वाटली. ज्या कायद्याला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या तो या एका पोरीच्या कामी यावा, म्हणून मी त्या दिवशी देवाला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर चढून गेले. वेणू ओसरीवर सरूची वेणी घालायचा प्रयत्न करत होती, तेवढ्याशा केसांची. ती तिला सांगत होती, "मी शिकवला तां सगळा इसर. आज खरा सांग. जां झाला तां सांग. कोनाला भिऊ नोको. मी दाराशीच हाय." सरू मान डोलावत होती. "सांगशील ना?" "सांगीन."

शाळेच्या एका खोलीत समृद्धी आणि सरू गेल्या. दार बंद झालं. वेणू पायरीवर बसली, मी कडुनिंबाला टेकून उभी. समोरच्या उतारावर खुरासणी पिवळीधमक फुलली होती आणि तिच्याकडे बघायला आम्हाला दोघींनाही सवड नव्हती. आतून कागदाचा आवाज येई, खडूचा आवाज येई, मध्येच समृद्धीचा हळू आवाज. बराच वेळ लागला. जसजसा वेळ लागत होता तसतशी वेणू माझ्याकडे बघून मान हलवत होती, की बोलतेय, बोलतेय.

दार उघडलं तेव्हा समृद्धीचा चेहरा फुलला होता. बाकीच्या कागदांबरोबर तिने सरूचाही कागद वाळायला भिंतीशी लावला. सरूचा आकार त्यावर होता, बारीक, हात अंगाशी घट्ट धरलेले. छातीवर मोठं फूल. डोक्यावर पोलिसांची टोपी. पोटावर छोटा लाल ठिपका, पाळीचा. काळा रंग कुठेही नव्हता. प्रत्येक पोरीच्या कागदावर तेच फूल होतं, त्याच जागी, कारण वेणूने आदल्या दिवशी खळ्यातल्या मातीत बोटाने काढून दाखवलं होतं.

"किती आत्मविश्वास आहे हो या मुलीत!" समृद्धी मला म्हणाली. "इतक्या दुर्गम भागात!"

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं की पुन्हा एकदा विचारा, काहीतरी आहे, आम्हाला खात्री आहे. ती गंभीर झाली. तिने नीट ऐकून घेतलं. म्हणाली, मी तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारलं, मुलगी स्पष्ट नाही म्हणाली. याहून जास्त दबाव आणणं योग्य नाही, उलट तिला इजा होईल. माझा नंबर ठेवा, ती स्वतः बोलली तर लगेच कळवा. यात चूक कुठे काढणार? तिचं सगळं बरोबरच होतं. मला मात्र कोणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटत होती आणि समोर कोणी नव्हतं.

वेणूने सरूला शाळेच्या मागे नेलं. खांदे धरून हलवलं. "काय सांगला तिला?"

"तू शिकवला तांच."

"पन मी सकाळी काय बोलले? खरा सांग बोलले ना?"

मग सरू बोलली, आणि त्या सगळ्या विचारपुशीत तेवढंच एक शिकवणीबाहेरचं बोलली.

"ती बाय पोलिसाना बोलावल. पोलीस आपल्याच मान्साला नेतात. बापाला नेतील. दुसऱ्याला नेलेला मी कदी पाह्यला नाय."

वेणूचे हात तिच्या खांद्यांवरून आपोआप खाली आले. सरू तिच्या शेजारून घराकडे चालायला लागली, तिला नाचणीचं गाठोडं बांधायचं होतं.

समृद्धीची गाडी गेली. वेणू शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून बसली होती, तिथेच बसून राहिली. मी शेजारी बसले. गुडघ्यांनी तक्रार केली नाही.

"सिस्टर," ती म्हणाली, "शिकवलेला परत कसा काढायचा गं?"

माझ्या पेटीत ताप उतरवायचं औषध आहे, विंचवाचं आहे, रक्त वाढवायच्या गोळ्या आहेत. यावर काही नाही.

वेणू त्या रात्री बापाशी भांडली. सरूला भट्टीवर घेऊन जाऊ, मी तिच्या वाटणीचं काम करीन, म्हणाली. बाप एकदाचा कबूलही झाला. नको म्हणाली ती सरूच. "नाय गेले तं इचारतील, का नाय गेली. मंग परत गाडी येल." तिने स्वतःची पिशवी स्वतः भरली.

वसतिगृह उघडायच्या दिवशी मी आणि वेणू तिला फाट्यापर्यंत सोडायला गेलो. मी तिच्या हातात माझा नंबर कोंबला, तो तिने नीट घडी करून ठेवला. एसटी आली. सरू खिडकीशी बसली, कापलेले केस तिने रुमालाखाली बांधले होते. गाडी हलली तशी तिने आमच्याकडे बघून हात केला आणि हसली, वेणूने शिकवलं होतं तसं, दात दाखवून.